अकरावा भाग

येळीवाडीच्या केरबा सोनकांबळेनं दिल्लीच्या दूरदर्शनला एकूण त्रेचाळीस पोस्टकार्डं धाडली, आणि एकाही कार्डावर स्वतःचं नाव घातलं नाही. लिहिणारी त्याची मुलगी पंचशीला. ती लातूरला डी.एड. करत होती, सुट्टीत घरी आली की जेवणाचं ताट बाजूला सरकायच्या आत बाप तिच्यापुढे कोरी कार्डं ठेवायचा. एक सरपंच व्यंकटरावांच्या नावानं, एक शाळेच्या मास्तरांच्या नावानं, एक तर सही म्हणून अंगठा उठवणाऱ्या केवळाबाईच्या नावानं. मजकूर सगळ्यांवर तोच: ‘नौका सत्ताईस’ या मालिकेचा अकरावा भाग आम्हाला अतिशय आवडला, तो पुन्हा एकदा दाखवावा. पंचशीलाचं हिंदी परीक्षेत पास होण्यापुरतं होतं, पण दिल्लीला तेवढं पुरलं. एप्रिलच्या शेवटी टीव्हीवर निवेदन झालं की प्रेक्षकांच्या आग्रहावरून मालिकेतले तीन भाग पुन्हा दाखवणार, आणि पहिला अकरावाच. गाव हसलं. देशभरात अकरावा भाग मागणारा केरबा एकटाच असणार, असं व्यंकटराव म्हणाले, आणि ते बहुतेक खरं असावं.

मालिका रविवारी सकाळी दहाला लागायची. नौका म्हणजे पाण्यातली नव्हे, आभाळातली. पृथ्वीवरची सात माणसं तिच्यात बसून या ग्रहावरून त्या ग्रहावर हिंडत आणि कुठं राहण्याजोगी जागा मिळते का ते बघत. केरबाला त्यातलं निम्मं कळत नव्हतं, आणि कळलेल्यातलं निम्मं पटत नव्हतं. एवढ्या लांबच्या मुलखात जाणारी माणसं सोबत एक धड पहार नेत नाहीत, हे त्याला पहिल्या भागापासून खटकलं होतं. पण अकराव्या भागात त्यांनी एका कोरड्या ग्रहावर विहीर खणायला घेतली, आणि विहीर म्हटल्यावर केरबाचे कान उभे राहिले. उभी हयात त्यानं तेच केलं होतं. औशापासून पार हदगावपर्यंत त्याच्या हातच्या विहिरी होत्या. यंदाच्या उन्हाळ्यात त्यातल्या बऱ्याच ठणठणीत कोरड्या पडल्या होत्या, पण तो दोष पावसाचा, खणणाराचा नाही.

टीव्ही गावात आला तो लातूर वेगळा जिल्हा झाल्यावर. नवा जिल्हा झाला, कलेक्टर जवळ आला, तसं काहीबाही गावापर्यंत पोचायला लागलं. पाणी पोचलं नाही, टीव्ही पोचला. शेतीची माहिती बघण्यासाठी सगळ्या गावाला मिळून एक सरकारी संच, लाकडी कपाटात, कपाटाला कुलूप. ठेवायचा कुठं? ग्रामपंचायतीच्या खोलीचे पत्रे उडालेले, शाळेला वीज नाही. मारुतीच्या मंडपाला वीजही होती आणि लोखंडी दारही. ठेवला तिथं. सगळ्या गावाची वस्तू देवळात ठेवताना आपलं काही चुकतंय असं कुणाला वाटलं नाही, कारण ज्यांना वाटलं असतं त्यांना त्या दिवशी कुणी विचारलंच नव्हतं.

केरबानं छप्पन साली धम्म घेतला होता. तेव्हापासून कुठल्याही देवळाची पायरी तो चढला नव्हता. आधी चढू देत नव्हते, आता चढ म्हणतात, पण चढायचं का नाही ते माझं मला ठरवू द्या की, असं त्याचं म्हणणं. बौद्धवाड्यातली तरणी पोरं मंडपात जाऊन खुशाल टीव्ही बघत. त्यांना तो काही बोलत नसे. स्वतः मात्र पायरीखाली उभा राही. व्यंकटराव मनानं वाईट नव्हते. त्यांनी एकदा आतून हाक मारली, “केरबा, मंडपात देव न्हाई, टीव्ही हाय. ये की आत.”

“मग मारुती कुठं बसून बगतो?” एवढं विचारून केरबा होता तिथंच उभा राहिला. सगळे हसले. आत बोलावणं सोपं असतं. बोलावणाऱ्यांतला एकही बाहेर येऊन त्याच्याशेजारी उभा राहिला नाही.

पायरीखालून दोन खांबांच्या मधून टीव्ही दिसायचा, तोही अख्खा नाही. डावीकडचा खांब काचेचा तिसरा हिस्सा खायचा. अकरावा भाग केरबानं असाच बघितला होता. नौकेवर एक म्हातारा मिस्त्री होता, त्याला सगळे काका म्हणत. आणि एक पोरगी होती, पंचशीलाएवढी, दगडमाती तपासणारी. ती दोराला धरून विहिरीत उतरली. वर दोर काकाच्या हातात. मग वादळ सुटलं, विहिरीच्या कडा खचायला लागल्या, कप्तान ओरडायला लागला की निघा, नौका सोडायची आहे. काकाचा चेहरा केरबाला दिसत होता, मानेच्या शिरा दिसत होत्या. हात दिसत नव्हते. हात आणि विहिरीचं तोंड दोन्ही खांबाआड. तेवढ्यात वाऱ्यानं अँटेना फिरला, काचेवर मुंग्याच मुंग्या झाल्या, आणि चित्र परत आलं तेव्हा काका खाली बसलेला होता आणि नावं सरकायला लागली होती. आतली माणसं एकमेकांनाच विचारत होती, काय झालं, काय झालं. त्या मुंग्यांतूनही काही दिसलं असेल तर अगदी पुढं बसलेल्या एकालाच, ग्रामपंचायतीचा शिपाई मडिवाळप्पा याला. किल्ली त्याच्याकडे, म्हणून त्याची जागा कपाटाला चिकटून. तो पायऱ्या उतरून खाली आला, चपला घातल्या आणि कुणी न विचारता केरबाला म्हणाला, “दोर तुटला. पोरगी वाचली.”

‘दोर तुटला’ हे केरबानं मडिवाळप्पाच्याच तोंडून पूर्वी एकदा ऐकलं होतं.

बाहत्तरच्या दुष्काळातली गोष्ट. व्यंकटरावांच्या बापाच्या विहिरीचं काम चाललं होतं. खाली केरबाचा धाकटा भाऊ भीमा, वर दोरावर दोघं, केरबा पुढं आणि त्याच्या मागं मडिवाळप्पा. भीमाला वर घेत असताना कड ढासळली. भीमाची एक हाक केरबानं ऐकली, आणि त्यापुढचं त्याला आठवतच नव्हतं. शुद्धीवर आला तेव्हा तो लिंबाखाली पडलेला होता, दोन्ही तळहातांना फडकी गुंडाळलेली, आणि मडिवाळप्पा त्याच्या तोंडाला पाणी लावून सांगत होता, दोर तुटला केरबा, दोर तुटला. सगळ्या गावानं तेच म्हटलं. काठावरची टोपली, पहार, दोर, सगळं ढासळीत गेलं होतं. भीमाला वर काढता आलं नाही. विहीर तशीच बुजवली.

तिसऱ्या दिवशी भीमाची बायको पंचफुला केरबापुढे येऊन उभी राहिली. तिनं विचारलं, “भावजी, दोर तुटला का तुमी सोडला?”

तुटला म्हणायला काय लागत होतं? गाव म्हणतच होतं. पण केरबाला आठवत नव्हतं, आणि जे आठवत नाही ते छातीठोक सांगायची त्याला सवय नव्हती. तो गप्प राहिला. त्या गप्प राहण्याचा पंचफुलानं जो लावायचा तो अर्थ लावला आणि त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नाही. दोन्ही घरं एका भिंतीची. लग्नकार्य, दुखणंखुपणं, पिठाची देवघेव, सगळं चालायचं, पण पंचशीलाच्या तोंडून. दोष देत नव्हती, शिव्या देत नव्हती. शिव्या दिल्या असत्या तर केरबाला बरं वाटलं असतं. रात्री पाठ टेकली की तो आपले तळहात चाचपायचा. त्यांची सालपटं निघाली होती, वण अजून होते. पण सालपट धरतानाही निघत असेल आणि सोडतानाही निघत असेल; वणावरून काय कळणार? आपण सोडला, हे त्याला पंधरा वर्षांत जवळजवळ पटत आलं होतं.

आता कुणी म्हणेल, टीव्हीतल्या म्हाताऱ्यानं दोर सोडला काय आणि धरला काय, केरबाच्या विहिरीशी त्याचा संबंध काय? काही नाही, आणि हे केरबालाही कळत होतं. तो काही खुळा नव्हता. पण दोर सोडणारा हात दिसतो कसा, हे त्याला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. ते बघितलं तर आपल्या हाताची आपल्याला ओळख पटेल आणि पंचफुलाला हो का नाही ते एक उत्तर देता येईल. हो असलं तरी चालेल, पण उत्तर पाहिजे. म्हणून पुन्हा बघायचा तर तो भाग अख्खा बघायचा, खांबाशिवाय, आणि देवळात पाय न ठेवता. या तिन्ही गोष्टी एकदम कशा जमणार, असं पंचशीलानं विचारलं. केरबा म्हणाला की विहिरीला पाणी लागणार का, हे विचारत बसलं तर पहिली कुदळच पडत नाही.

त्यानं टीव्ही शाळेच्या व्हरांड्यात आणायचं ठरवलं. व्यंकटरावांची ना नव्हती. दुष्काळात लोकांचं मन रमत असेल तर रमू द्या, म्हणाले. ना होती ती मडिवाळप्पाची. तो म्हणाला, दप्तरात संचाची जागा ‘मारुती मंदिर’ अशी लिहिली आहे, हलवायचा तर तालुक्याचा लेखी हुकूम पाहिजे. केरबा एस.टी.नं निलंग्याला गेला, दोन दिवस कचेरीच्या पायरीवर बसला आणि हुकूम घेऊन आला. मडिवाळप्पानं कागद उलटसुलट केला आणि म्हणाला की याच्या डोक्यावर ‘जिल्हा उस्मानाबाद’ छापलंय. आपला जिल्हा आता लातूर, हा हुकूम आपला नाही. जुने छापील कागद संपेपर्यंत वापरायचे असतात हे त्या शिपायाला ठाऊक नव्हतं असं नाही. केरबा पुन्हा निलंग्याला गेला. साहेबानं कपाळाला हात लावला, उस्मानाबाद खोडून वर शाईनं लातूर लिहिलं आणि शेजारी सही केली.

मग मडिवाळप्पा म्हणाला, शाळेला वीज नाही. केरबा तिसऱ्यांदा निलंग्याला गेला आणि टीव्ही दुरुस्त करणाऱ्या मकबूलला घेऊन आला. मकबूलच्या घरची विहीर केरबाच्या हातची, आणि ती यंदाही आटली नव्हती, त्यामुळे मकबूलनं नाही म्हणणं शक्यच नव्हतं. त्यानं मंडपातून शाळेपर्यंत बांबूंवरून वायर ओढली, अँटेना शाळेवर चढवला आणि जाताना केरबाला बजावलं, “चाचा, इतवार को किसी को पतंग मत उड़ाने दो, बस.”

एवढं सगळं झाल्यावर केरबाला वाटलं, आता मडिवाळप्पाकडे सांगायला काही उरलं नसेल. मनातून तो त्याच्यावर चिडला होता. एकेकाळी वर्षानुवर्षं एका दोरावर काम केलेला माणूस, आणि देवळातली पेटी बौद्धाच्या सांगण्यावरून हलली तर याच्या पोटात दुखतं, असा त्यानं हिशेब लावला. इतका वाईट वाटणारा हिशेब त्यानं बऱ्याच वर्षांत केला नव्हता.

शनिवारी संध्याकाळी चौघांनी कपाट उचलून व्हरांड्यात आणलं. रविवारी सकाळी आठला किल्ली घेऊन यायचं मडिवाळप्पानं कबूल केलं होतं. नऊ वाजले तरी तो आला नाही. केरबा त्याच्या घरी गेला. मडिवाळप्पाची बायको गुरम्मा दारात ज्वारी पाखडत होती. ते पहाटेच्या गाडीनं उदगीरला गेले, पाहुण्यांकडं, म्हणाली, पण सुपातून नजर काही वर काढली नाही. नवऱ्याच्या चपला उंबऱ्याशी होत्या. गाव कितीही बदललं तरी उदगीरला कुणी अनवाणी जात नाही.

“मग बसतो,” केरबा म्हणाला आणि ओट्यावर टेकला. “माणूस उदगीरहून येईस्तोवर बसतो.”

गुरम्मानं त्याला पाणी दिलं, अर्धाच तांब्या, कारण त्या दिवसांत अख्खा कुणीच देत नव्हतं. केरबा ते प्यायला. पाऊण तास तो आतल्या दाराकडं बघत बसून राहिला. पावणेदहाला त्यानं घशाला ताण न देता, शेजारी बसलेल्याशी बोलावं तसं म्हटलं, “मडिवाळप्पा, तुला देवळाचं वाईट वाटून राहिलं आसंल तर तसं तोंडावर सांग. मी कुलूप तोडनार न्हाई. पन हितून उठनार बी न्हाई. ह्या रविवारी न्हाई, तर पुन्ना त्रेचाळीस कार्डं लिव्हीन.”

थोड्या वेळानं मडिवाळप्पा बाहेर आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. किल्ली त्याच्या मुठीत होती. “देवळाचं न्हाई रं,” एवढंच बोलून तो चपला घालून पुढं चालायला लागला.

व्हरांडा भरला होता. मंडपात कधी न आलेल्या बाया आल्या होत्या, केवळाबाई पुढं बसली होती आणि आपण दिल्लीला पत्र लिहिलं होतं हे शेजारणीला सांगत होती. पंचशीलानं बापासाठी मधोमध घोंगडी टाकून ठेवली होती. मडिवाळप्पानं कुलूप काढलं, खटका दाबला आणि सवयीनं कपाटाजवळ बसला.

एकदा बघितलेली गोष्ट पुन्हा बघण्यात जी गंमत असते ती केरबाला सुरुवातीलाच लागली. काय होणार ते त्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेलं घडताना बघून तो खूश होत होता. आता कप्तान नकाशा फेकेल, तो म्हणायचा, आणि कप्तान नकाशा फेकायचा. शिवाय त्याला सगळ्या चित्राची डावी बाजू नव्यानं मिळाली होती. नौकेला डाव्या हाताला एक खिडकी होती, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. काकाच्या खोलीत डावीकडे कुणा बाईचा फोटो होता. वर्षभर तो म्हातारा भिंतीशी बोलतो असं केरबा समजत होता. तो फोटोशी बोलत होता. विहिरीचं काम सुरू झालं तेव्हा मात्र त्याच्यातला कारागीर जागा झाला. भुसभुशीत मातीत कडेला आधार न देता खाली उतरतात, यांना आकाशात सोडलं कुणी, असं तो पंचशीलाला म्हणाला.

पोरगी दोराला धरून उतरली, आणि नेमकं तेव्हा गावाच्या वेशीवर टँकरचा हॉर्न वाजला. टँकर एरवी दुपारी यायचा. त्या दिवशी दहा-वीसला आला. पुढं काय होतं ते बघायला एक माणूस थांबलं नाही, आणि थांबणार तरी कसं? चार दिवसांनी आलेलं पाणी. केवळाबाईसुद्धा उठून पळाली. पंचशीला घुटमळली; केरबानं तिला मानेनंच जा म्हणून सांगितलं. क्षणात व्हरांडा रिकामा झाला आणि राहिले दोघं, घोंगडीवर केरबा आणि कपाटाशी मडिवाळप्पा.

वादळ सुटलं. कडा खचायला लागल्या. कप्तान ओरडला. आता काकाचे हात दिसत होते. दोर मुठीत घट्ट होता, पाय मागं रोवलेले. धरणाऱ्याला धरता येत होतं, केरबानं मनात दाद दिली. मग खालून त्या पोरीचा आवाज आला, बारक्या यंत्रातून. “छोड़ दीजिए, काका. नहीं तो आप भी आएँगे.” काकानं मान हलवली. ती पुन्हा म्हणाली. आणि मग काकाची मूठ उघडली. एकदम नाही. आधी अंगठा, मग एकेक बोट. उघडलेल्या तळहातावरून दोर सळसळत निघून गेला आणि हात तसाच पुढं राहिला, सताड उघडा. दोर तुटला नव्हता. पोरगी वाचली नाही. काका खाली बसला, आणि नावं सरकायला लागली.

केरबा त्या हाताकडे बघत होता. नावं संपली, सरकारी बातम्यांचं संगीत सुरू झालं, तरी त्याच्या डोळ्यांपुढं तो हातच होता. सोडणाऱ्याचा हात उघडतो. उघड्या हाताची सालपटं निघत नाहीत. इतकी साधी गोष्ट, आणि ती समजायला पंधरा वर्षं आणि दिल्लीचा टीव्ही लागला. त्यानं स्वतःचे दोन्ही तळहात समोर धरले. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत पांढरट, गुळगुळीत वण. हे हात मिटलेले होते. दोर मिटलेल्या मुठीतून ओढून नेला होता.

मग त्याला दुसरी गोष्ट आठवली. लिंबाखाली त्याच्या तोंडाला पाणी लावणारे हात. ते चांगले होते. त्यांना फडकं नव्हतं.

“मडिवाळप्पा, तुजे हात दाव,” तो म्हणाला.

मडिवाळप्पानं हात दाखवले नाहीत. ते मांड्यांखाली घालून तो बसला, आणि मान खाली घालून बोलायला लागला. त्यानं सांगितलं की त्या दिवशी दोराला खालून तीन हिसके आले होते. विहिरीवर काम करणाऱ्यांची ती खूण सगळीकडे एकच: एक हिसका म्हणजे थांबा, दोन म्हणजे ओढा, तीन म्हणजे सोडून द्या. वरची कड केरबाच्या पायाखालून सुटत चालली होती. ते भीमाला खालून दिसलं, आणि त्यानं तीन हिसके दिले. मडिवाळप्पानं ओरडून सांगितलं, केरबानं ऐकलं नाही. मग मडिवाळप्पानं आपला दोर सोडला आणि केरबाची कंबर धरली. एकट्या केरबावर भार आला, त्याच्या मुठीतून दोर गेला, आणि दोघं मागं पडले. जिथं केरबा उभा होता ती जागा त्यांच्या डोळ्यांदेखत खाली गेली.

“तुला धरलं म्हून तू हायस,” तो म्हणाला. “पन भीमाला म्या सोडलं. तीन हिसके आलते म्हनून सांगितलं आस्तं, तर कोन खरं मानलं आस्तं? हिसके देनारा तर खाली गेला. मागच्या साली ह्ये बघितलं आन् पुन्ना तेच तोंडात आलं, दोर तुटला.”

“म्हून तू हुकुमावरचा जिल्हा बगत होतास. म्हून उदगीरला गेलतास.”

“हाव. तू ह्ये बघितलंस तर तुला कळंल, ह्याची भीती. दुसरं काय न्हाई.”

केरबाला राग आला. असा राग की त्याचे वण दुखायला लागले. माझा जीव वाचवलास ते एक, तो म्हणाला, पण पंधरा वर्षं तू मला माझ्याच हातावर संशय घेऊ दिलास. शेजारच्या भिंतीपलीकडं ती बाई पंधरा वर्षं मला खुनी समजत आली, आणि तू तिच्या दारावरून रोज किल्ली वाजवत गेलास. रागाच्या खालून केरबाला हळूहळू भीमा दिसायला लागला, तिशीतला, मातीनं भरलेला, वरच्या भावाचे पाय सरकताना बघणारा. त्याला रडू आलं आणि ते त्यानं लपवलं नाही. मडिवाळप्पाही रडत होता. मग केरबानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि उठला.

“चल,” तो म्हणाला. “मला सांगून काय उपेग? तिला सांग.”

मडिवाळप्पा म्हणाला, आत्ता तिथं सगळा गाव जमलाय, संध्याकाळी घरी जाऊन सांगतो. केरबा म्हणाला, सगळ्या गावापुढं दोर तुटला होता, सगळ्या गावापुढंच नीट होऊ दे. त्यानं मडिवाळप्पाचा दंड धरला नाही, नुसता पुढं चालायला लागला, आणि मडिवाळप्पा कपाट उघडं टाकून त्याच्या मागून आला.

टँकरभोवती ही गर्दी. पाइप एका हातातून दुसऱ्या हातात, भांड्याला भांडं लागतंय, बाया एकमेकींना ढकलतायत. पंचफुला नुकतीच भरून बाजूला झाली होती. डोक्यावर घागर, काखेत कळशी, पदर भिजलेला. समोर केरबा आल्यावर तिनं नेहमीसारखी वाट बदलली. केरबा आडवा झाला नाही. त्यानं फक्त मडिवाळप्पाला पुढं होऊ दिलं.

मडिवाळप्पानं सांगितलं. आधी आवाज फुटेना, मग फुटला तो सगळ्यांना ऐकू जाईल एवढा फुटला. तीन हिसके, सुटत चाललेली कड, आपण सोडलेला दोर, केरबाची धरलेली कंबर, आणि मग रचलेलं खोटं. पाइप धरणाऱ्या बाईनं पाइप तसाच धरून ठेवला, आणि पाणी मातीत वाहून गेलं तरी त्या दुष्काळात कुणी ओरडलं नाही. पंचशीला दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी होती. व्यंकटराव टोपी काढून हातात धरून होते.

पंचफुला हलली नाही. ती मडिवाळप्पाकडे एकटक बघत होती. “त्यानंच सोडा म्हनलं?” तिनं विचारलं.

“त्यानंच.”

“नक्की?”

“माज्या लेकरांची आन.”

घागरीतलं पाणी हिंदकळून तिच्या कपाळावरून उतरत होतं, ते तिनं पुसलं नाही. मडिवाळप्पाला काही बोलली नाही. त्याच्या वाटचं बोलायला पुढं तिला बरीच वर्षं होती. ती वळली. केरबा हात बाजूला सोडून उभा होता, त्याच्यापुढं येऊन थांबली, आणि मधे पंचशीला उभी असतानाही तिला न सांगता सरळ त्यालाच म्हणाली,

“भावजी, घागर उतरवा. मला खाली बसू द्या.”

केरबानं दोन्ही हात वर केले आणि तिच्या डोक्यावरची भरलेली घागर उतरवून घेतली.